दुसऱ्या वेळी तेच संयुग निकामी का निघालं? सोलापुरातलं एक कोबाल्ट-प्रकरण

एकच कुपी, एकाच जातीच्या पेशी, एकच चाचणी, आणि निकाल मात्र दोन टोकांचे. फेब्रुवारीत गेलेल्या नमुन्याने स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशींची वाढ एक आकडी मायक्रोमोलर (द्रावणातल्या संयुगाचं प्रमाण मोजायचं एकक) मात्रेतच निम्म्यावर आणली होती. मे महिन्यात त्याच कुपीतलं संयुग पुन्हा पाठवलं, तेव्हा मात्रा शंभर मायक्रोमोलरपर्यंत चढवूनही पेशी खुशाल वाढत होत्या. कोबाल्टचं हे संयुग सोलापुरात बनवलेलं, चाचणी बाहेरगावच्या प्रयोगशाळेकडून पैसे भरून करून घेतलेली. पीएचडी करणारी विद्यार्थिनी दोन्ही अहवाल घेऊन माझ्याकडे आली, तिच्या मार्गदर्शकांनीच पाठवलं होतं. मी शहरातल्या दुसऱ्या महाविद्यालयात सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवते आणि धातू-कार्बन बंध असलेल्या संयुगांवर माझं पूर्वी काम झालेलं आहे.

"मॅडम, यातला कुठला अहवाल खरा धरायचा?" हा तिचा पहिला प्रश्न. मला दोन्ही खरे वाटत होते. पेशींना जे घातलं त्याचं उत्तर पेशींनी दिलं होतं. दोन्ही वेळा नेमकं काय घातलं गेलं, हे कोणी पाहिलं नव्हतं. तिच्या परवानगीने हे प्रकरण इथे मांडते आहे, कारण कोबाल्टची सेंद्रिय-धातू संयुगं हाताळणाऱ्या प्रत्येकापुढे हा पेच कधी ना कधी येतो. आपल्यासारख्या ठिकाणी, जिथे संयुग एका गावात बनतं आणि पेशी दुसऱ्या गावात वाढतात, तिथे तर हमखास येतो.

रेणू कुठला होता

संयुगाची कल्पना तिची नव्हती, आणि तिने तसं कुठे म्हटलंही नव्हतं. जर्मनीतल्या रोनाल्ड गुस्ट आणि इंगो ओट यांच्या गटांनी अ‍ॅस्पिरिनला कोबाल्ट जोडलेला एक रेणू बनवला, त्याला को-एएसएस म्हणतात. त्यावरचा त्यांचा मोठा शोधनिबंध २००५ सालचा. या विद्यार्थिनीने आधी तोच रेणू बनवून पाहायचा आणि मग त्यात फेरफार करायचे, असं ठरवलं होतं. दुसऱ्याचं काम आधी आपल्या हाताने उभं करून पाहणं ही माझ्या मते पीएचडीची उत्तम सुरुवात आहे, आणि तिच्या मार्गदर्शकांनी ते करू दिलं याचं मला कौतुक वाटतं.

बनवायची रीत दिसायला सोपी आहे. अ‍ॅस्पिरिनच्या आम्ल गटावर प्रोपार्जिल अल्कोहोल जोडून एस्टर करायचं, म्हणजे रेणूच्या शेंड्याला कार्बन-कार्बन तिहेरी बंध येतो. मग नायट्रोजनखाली, कोरड्या डायक्लोरोमिथेनमध्ये, त्यावर डायकोबाल्ट ऑक्टाकार्बोनिल, म्हणजे दोन कोबाल्टवर आठ कार्बन मोनॉक्साइड बसलेलं संयुग, घालायचं. ऑक्टाकार्बोनिलमधले दोन कार्बन मोनॉक्साइड बुडबुड्यांनी निघून जातात, आणि तिहेरी बंधाचे दोन कार्बन व दोन कोबाल्ट मिळून एक चार टोकांचा, चतुष्फलकी गाभा तयार होतो. प्रत्येक कोबाल्टवर तीन-तीन असे सहा कार्बन मोनॉक्साइड उरतात. द्रावण गडद लाल-तपकिरी होतं. सिलिकाच्या स्तंभातून ते उतरताना नुसत्या डोळ्यांनी दिसतं, दिवा लावावा लागत नाही. काम अर्थातच फ्यूम हूडमध्येच करायचं. निघणारा वायू विषारी आहे, आणि ऑक्टाकार्बोनिल हवेत उघडं टाकायची चीज नव्हे. त्याचे केशरी-तपकिरी स्फटिक हवेने जांभळट पडू लागले की बाटली बाद समजायची. पन्नास अंशांच्या थोडं वर तर ते स्वतःच विघटित होतं.

तयार रेणूचा रेणुभार ५०४. त्यात कोबाल्ट वजनाने जवळपास २३ टक्के. हे आकडे पुढे लागणार आहेत.

हा रेणू पेशींना का मारतो, याचं पूर्ण उत्तर कोणाकडेच नाही, पण काही धागे पक्के आहेत. अ‍ॅस्पिरिन सायक्लोऑक्सिजनेज या विकरातल्या सेरीन नावाच्या एका अमिनो आम्लावर आपला असिटाइल गट चिकटवतं आणि विकर कायमचं बंद पाडतं. अ‍ॅस्पिरिनमुळे प्रोस्टाग्लँडिन हे दाह-वेदना वाढवणारं द्रव्य बनणं थांबतं, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या विकराचा दुसरा प्रकार, कॉक्स-२, अनेक गाठींमध्ये वाजवीपेक्षा जास्त बनतो. कोबाल्ट-अल्काइन (तिहेरी बंधावर कोबाल्ट बसलेल्या) मालिकेतली जी संयुगं पेशींवर जास्त जोरकस निघाली, ती कॉक्स-१ आणि कॉक्स-२ दोन्ही अडवतात, असं २००५ च्या कामात दिसलं. २००९ मध्ये त्याच गटांनी झेब्राफिश या छोट्या माशाच्या भ्रूणांवर काम केलं, तिथे को-एएसएसने नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखलेली दिसली. कोबाल्ट आल्याने अ‍ॅस्पिरिनचा गुणच बदलतो, एवढं नक्की. माणसावरच्या चाचणीपर्यंत मात्र हे संयुग पोचलेलं नाही.

फेब्रुवारीचा निकाल आणि एक फोन

पहिला अहवाल आला तेव्हा महाविद्यालयात आनंदाला उधाण आलं. कोणीतरी तिच्या फोटोखाली 'कर्करोगावर कोबाल्टचं औषध, सोलापूरच्या कन्येचं संशोधन' असं लिहून अभिनंदनाचं चित्र बनवलं, आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर गावभर फिरलं. चार-दोन दिवसांत तिला विडी घरकुल वसाहतीतून एका गृहस्थांचा फोन आला. ते यंत्रमागावर कामाला, बायको विड्या वळते, आणि बायकोला स्तनाचा कर्करोग.

"ताई, ते कोबाल्टचं औषध कुठं मिळतंय? हिला बार्शीला कोबाल्टचा शेक चालू हाय. येऊन-जाऊन लई हाल होतात. गोळी आसंल तर शेक बंद करू म्हणलं."

तिने त्यांना सांगितलं ते बरोबरच सांगितलं: "काका, ती गोळी नाही, ते अजून औषधच नाही. शेक एक दिवससुद्धा चुकवू नका. जे काही विचारायचं ते तिथल्या डॉक्टरांनाच विचारा." पण फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ सुन्न बसून होती. हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं.

इथे थोडं थांबून सांगायलाच हवं. शेकाचा कोबाल्ट आणि या रेणूतला कोबाल्ट यांचा उपचाराच्या दृष्टीने काही संबंध नाही. शेकाच्या यंत्रात कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी समस्थानिक असतं. त्याचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांच्या आसपास, आणि त्यातून निघणारे गॅमा किरण गाठीवर सोडले जातात. धातू रुग्णाच्या अंगात जातच नाही. रेणूतला कोबाल्ट म्हणजे निसर्गात मिळणारा साधा, स्थिर कोबाल्ट-५९. तिथे किरणांचा प्रश्न नसून रसायनाचा आहे. ज्या जिल्ह्यात, बार्शीला, १९८७ पासून भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे आणि कर्करोगाचं रुग्णालय वर्षानुवर्षं खेड्यापाड्यांतल्या बायांना तपासतं आहे, त्या जिल्ह्यात चालू उपचार सोडून कोणी पेशींच्या ताटलीतल्या आकड्यामागे धावावं, ही कल्पनाही मला सहन होत नाही. ताटलीतली पेशी मारणं अवघड नसतं. रक्त, यकृत, मूत्रपिंड यांतून वाट काढून, बाकीच्या शरीराला धक्का न लावता गाठीपर्यंत पोचणं अवघड असतं. अभिनंदनाचं ते चित्र ज्यांनी बनवलं त्यांनी प्रेमाने बनवलं असेल, पण संशोधनाची बातमी द्यायची तर 'हे औषध नाही' हे वाक्य पहिल्या ओळीत हवं.

कुपी हातात घेतली तेव्हा

मे महिन्यातला उलटा अहवाल आला आणि विभागात तर्क सुरू झाले. एकाचं म्हणणं, बाहेरच्या प्रयोगशाळेने पेशी नीट ठेवल्या नाहीत. दुसऱ्याचं म्हणणं, पहिला निकालच नशिबाने आला. मी तिला आधी एवढंच विचारलं, "अगं, कुपी कुठे आहे? आणि ती कुठे कुठे ठेवली होतीस?"

पहिले काही आठवडे कुपी उणे वीसच्या फ्रीझरमध्ये होती. मग फ्रीझर बिघडला आणि ती विभागाच्या सामाईक फ्रीजमध्ये आली. एप्रिल-मेमध्ये वीज जाण्याचं प्रमाण वाढलं. सोलापूरचा मे म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस अंश ही रोजची गोष्ट, आणि बंद पडलेला फ्रीज दोन-तीन तासांत कोमट होतो. साध्या पेचाच्या टोपणाची पारदर्शक काचेची कुपी, आत हवेला दूर ठेवणारा आरगॉन वायू नाही, वजन करायला वेळोवेळी उघडलेली. त्यातून काढलेला भाग साध्या कुरिअरने, बर्फाशिवाय, भर उन्हाळ्यात निघाला होता.

खिडकीपाशी उजेडात कुपी धरली तर बरंच काही दिसत होतं. मधली भुकटी अजून विटकरी-लाल होती, पण काचेला चिकटलेल्या कडेवर मळकट करड्या रंगाची किनार आली होती. डायक्लोरोमिथेनमध्ये घातल्यावर नव्या नमुन्याचं द्रावण नितळ लाल व्हायला हवं. हे गढूळ झालं. सेलाइट या गाळणीच्या भुकटीतून गाळलं तर वर काळपट गाळ राहिला, खाली फिकट लाल द्रावण. टीएलसीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या, पट्टीवर कोबाल्ट-संयुगाचा लाल ठिपका होता, पण त्याच्या खाली, अतिनील दिव्यात, तिच्या मूळ एस्टरचा ठिपका ठसठशीत दिसत होता. म्हणजे कोबाल्ट गळून पडलेला रेणू कुपीत भरपूर होता.

मग तिनेच पुढची कामं झपाट्याने केली. इन्फ्रारेडमध्ये या संयुगाची ओळख फार सोपी असते. २००० ते २१०० या तरंगसंख्येच्या पट्ट्यात कार्बन मोनॉक्साइडचे तीन जोरदार ठसे उमटतात, आणि त्या भागात दुसरं फारसं काही येत नाही. नव्याने बनवलेल्या नमुन्यात ते ठसे एस्टरच्या ठशांपेक्षाही उंच होते. जुन्या कुपीतल्या भुकटीत ते एस्टरच्या मानाने खूपच खुजे झाले होते. रेणूतले हायड्रोजन कुठे आहेत ते दाखवणाऱ्या एनएमआरने आणखी एक खूण दिली. तिहेरी बंधाच्या टोकाचा हायड्रोजन मूळ एस्टरमध्ये अडीच पीपीएमच्या आसपास दिसतो, कोबाल्ट बसल्यावर तो सहाच्या आसपास सरकतो. जुन्या नमुन्यात दोन्ही जागी काहीतरी होतं, पण सगळेच ठसे फुगून पसरलेले. संयुग शुद्ध असताना ठसे सुबक येतात. सुटा झालेला कोबाल्ट-दोन, म्हणजे दोन धन भार असलेला कोबाल्ट, चुंबकीय असतो, त्याची लेशमात्र भेसळसुद्धा सगळा आलेख पसरट करून टाकते. एनएमआर 'खराब आला' म्हणून फेकून देण्याची विद्यार्थ्यांना सवय असते. इथे त्या खराब आलेखातच उत्तर होतं.

सगळ्यात खात्रीची तपासणी मात्र बीएस्सीच्या सॉल्ट अ‍ॅनालिसिसमधली निघाली. जुनी भुकटी थोड्या पाण्यात घुसळून गाळली, त्या पाण्यात अमोनियम थायोसायनेट टाकलं आणि वर भरपूर असिटोन. परीक्षानळी निळीशार झाली. सुट्या कोबाल्ट-दोनची ही जुनी खूण. पाणी जास्त झालं की निळा रंग गुलाबी होऊन जातो, म्हणून असिटोन सढळ हाताने घालायचं, आणि लोखंडाचा लाल रंग घोटाळा करू नये म्हणून थोडं फ्लोराइड. नव्या नमुन्याच्या पाण्याला निळेपणा आला नाही. ज्यांच्याकडे महागडी यंत्रं नाहीत त्यांनी ही परीक्षा जरूर करावी. दहा मिनिटांत कळतं की आपण ज्याला संयुग म्हणतो आहोत, त्यातला किती भाग आधीच मीठ होऊन बसला आहे.

मग पहिला निकाल तरी त्या रेणूचाच कशावरून?

दुसऱ्या निकालाचा उलगडा इथे झाला, पण माझ्या दृष्टीने खरं काम इथून पुढे होतं. पहिला निकाल अखंड रेणूचा होता, की ताटलीत पोचता पोचता तुटलेल्या तुकड्यांचा? हे संयुग एकाच वेळी चार गोष्टी पेशीत नेतं: अ‍ॅस्पिरिनचं एस्टर, दोन कोबाल्ट, सहा कार्बन मोनॉक्साइड, आणि अखंड असताना या सगळ्यांहून निराळा असा एक चौथा गुण. यातला कोण बोलतो आहे, हे वेगळं केल्याशिवाय 'कोबाल्ट-संयुग प्रभावी आहे' या वाक्याला अर्थ नाही.

तिच्या पहिल्या चाचणीत मूळ एस्टर आणि कोबाल्ट क्लोराइड हे दोन ताळे, म्हणजे तुलनेसाठी सोबत तपासायचे नमुने, होते, ही जमेची बाजू. पण कोबाल्ट क्लोराइड तिने संयुगाच्या बरोबरीच्या मात्रेत घेतलं होतं. संयुगाच्या प्रत्येक रेणूत कोबाल्ट दोन आहेत. दहा मायक्रोमोलर संयुग, म्हणजे लिटरला पाच मिलिग्रॅम, घातलं तर कोबाल्ट वीस मायक्रोमोलर जातं आणि कार्बन मोनॉक्साइड साठपर्यंत सुटू शकतं. ताळा दुपटीने हवा होता. हा मुद्दा बारीक वाटेल, पण परीक्षक नेमका इथेच बोट ठेवतो, आणि ठेवायलाही हवं. कोबाल्ट क्लोराइड शंभर-दोनशे मायक्रोमोलरला पेशींना प्राणवायू कमी पडल्याचा भास करून देतं. प्रयोगशाळांत ते मुद्दाम त्यासाठीच वापरतात. म्हणून वरच्या मात्रांवर दिसणारा परिणाम आपल्या रेणूचा म्हणताना दहादा विचार करावा लागतो.

शेवटी ताळे असे ठरले. नुसतं एस्टर. दुप्पट मात्रेत कोबाल्ट क्लोराइड. दोघांचं मिश्रण, त्याच प्रमाणात. आणि चौथा, ज्यावर मी अडून बसले: मुद्दाम मारलेला नमुना. ताज्या संयुगाचं द्रावण उघड्या बशीत गच्चीवर उन्हात ठेवायचं, रोज इन्फ्रारेड घ्यायचं, आणि २००० ते २१०० मधले ठसे पूर्ण गेले की ते जे काही उरलं असेल ते तसंच, न गाळता, चाचणीला पाठवायचं. सोलापूरच्या उन्हाला यासाठी फार दिवस लागत नाहीत. अखंड संयुग पेशींना मारत असेल आणि हे मारलेलं मारत नसेल, तर गुण अखंडपणात आहे असं म्हणायला जागा होते. दोघंही सारखेच निघाले, तर सगळं श्रेय तुकड्यांचं.

आणखी दोन गोष्टी तपासल्या. चाचणी एमटीटी पद्धतीची होती. तिच्यात जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रंगद्रव्याचं जांभळ्यात रूपांतर करतात आणि जांभळा किती झाला त्यावरून पेशी किती उरल्या ते मोजतात. संयुग स्वतः रंगीत असेल, किंवा स्वतःच एमटीटीचं रूपांतर करत असेल, तर आकडा खोटा येतो. म्हणून पेशी नसलेल्या खळग्यांमध्ये संयुग आणि एमटीटी घालून मोजायचं. आमच्याकडे तिथे काही गडबड निघाली नाही. दुसरी गोष्ट डीएमएसओ या द्रावकाची. संयुग पाण्यात विरघळत नाही, म्हणून साठ्याचं द्रावण डीएमएसओमध्ये करतात. इन्फ्रारेडच्या आपल्या पट्ट्यात डीएमएसओ नडत नाही, त्यामुळे साठा किती टिकतो हे थेट पाहता येतं. अंबर रंगाच्या कुपीत, थंड आणि आरगॉनखाली तो टिकला. टेबलावर, टोपण सैल, ट्यूबलाइटखाली ठेवलेला दुसऱ्या दिवशीच निम्म्यावर आला. त्या दिवसापासून तिने साठा ठेवणंच सोडलं. चाचणीच्या दिवशी वितळबंद काचनळी फोडायची, विरघळवायचं, घालायचं.

तुलनेसाठी बाहेरची प्रयोगशाळा सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमचं कर्करोगावरचं औषध वापरते. त्याचा आकडा फेब्रुवारीत आणि मेमध्ये जवळजवळ तोच होता, म्हणजे पेशींवर ठपका ठेवायला जागा नव्हती. ते सिस्प्लॅटिन कशात विरघळवलं हेही विचारून घेतलं. डीएमएसओ प्लॅटिनमला चिकटतो आणि सिस्प्लॅटिनचा जोर घालवतो, तिथे मिठाचं पाणीच वापरावं लागतं. त्यांनी तेच वापरलं होतं.

पावसाळ्यात नवे निकाल आले. ताजं संयुग फेब्रुवारीसारखंच, एक आकडी मायक्रोमोलरवर प्रभावी. एस्टर, दुप्पट कोबाल्ट क्लोराइड आणि त्यांचं मिश्रण त्या मात्रेत निष्प्रभ. गच्चीवर मारलेला नमुना मे महिन्यातल्या नमुन्यासारखाच निष्प्रभ.

तुटणं हा दोष नव्हे

हे ऐकून विभागातल्या एका तरुण प्राध्यापकांनी लगेच निष्कर्ष काढला: संयुग अस्थिर आहे, म्हणजे औषधाच्या कामाचं नाही. मला हे मुळीच पटत नाही. धातूच्या औषधांचा इतिहास पाहिला तर त्यातली अनेक तुटूनच काम करतात. सिस्प्लॅटिनचा कर्करोगाशी संबंध बार्नेट रोझेनबर्ग यांच्या १९६५ च्या निरीक्षणातून लागला, १९७८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रक्तात क्लोराइड भरपूर असतं, म्हणून तिथे ते बऱ्यापैकी अखंड राहतं. पेशीत क्लोराइड कमी, तिथे त्याचे क्लोराइड सुटतात, पाणी बसतं, आणि मग ते डीएनएला धरतं. तुटतं, पण योग्य जागी. त्याही आधी, १९१० मध्ये बाजारात आलेलं पॉल एर्लिच यांचं सालव्हर्सान, उपदंशावरचं आर्सेनिकचं औषध, हवेने बिघडायचं म्हणून बंद काचनळीतून विकलं जाई, आणि शरीरात त्याचं ऑक्सिडीकरण झालेलं रूपच जंतूंना मारतं असं मानलं जातं. त्याची नेमकी रचना कळायला २००५ साल उजाडलं. म्हणजे जवळपास शतकभर जग एका अशा औषधाबद्दल बोलत होतं, ज्याची पाठ्यपुस्तकातली आकृती चुकीची होती.

उलट उदाहरण टायटॅनोसीन डायक्लोराइड या टायटॅनियमच्या संयुगाचं. १९७९ पासून प्राण्यांवर झकास दिसलेलं, माणसावरच्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचण्यांपर्यंत गेलेलं. पाण्यात पडताच ते बदलू लागतं, द्यायचं कसं याचाच घोळ होत राहिला, रुग्णांमध्ये पुरेसा गुण दिसला नाही आणि काम थांबलं. आमच्या विद्यार्थिनीच्या कुपीतली गोष्ट आणि ही गोष्ट एकाच जातीच्या आहेत, फरक एवढाच की तिथे ती रुग्णांपर्यंत पोचल्यावर कळली.

तुटायला हवंच, पण कुपीत नाही, कुरिअरच्या गाडीत नाही, डीएमएसओमध्ये नाही. या संयुगांवर काम करताना आधी ते कुठे आणि कशाने तुटतं हे मोजावं, पेशींवरचा आकडा मग काढावा, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे बहुतेक प्रबंधांत क्रम उलटा असतो.

कोबाल्ट-कार्बन बंधाचं औषध ही काही परग्रहावरची गोष्टही नाही. सोलापुरातल्या सात रस्ता भागातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये हातापायाला मुंग्या येतात म्हणून मिथाइलकोबालामिन मिळतं. ते ब-१२ चं रूप, आणि त्यातला मिथाइल गट थेट कोबाल्टला बांधलेला असतो. ब-१२ च्या सहविकरात कोबाल्ट-कार्बन बंध आहे हे डोरोथी हॉजकिन यांच्या प्रयोगशाळेने १९६१ मध्ये क्ष-किरणांनी दाखवलं, १९६४ मध्ये हॉजकिन यांना नोबेल मिळालं. तो बंध नाजूक आहे, उजेडात तुटतो, म्हणून इंजेक्शन तपकिरी काचेत येतं. शरीरात विकर तोच बंध हवा तेव्हा, हवा तिथे तोडून काम साधतं. निसर्गाने ही गोष्ट आपल्याआधी सोडवलेली आहे.

अर्थात ब-१२ मायक्रोग्रॅममध्ये लागतं, आणि कोबाल्ट शरीरात जास्त गेलं की हृदयाला इजा करतं. १९६० च्या दशकात कॅनडातल्या क्विबेकमध्ये फेस टिकावा म्हणून बिअरमध्ये कोबाल्ट घालत, आणि खूप पिणाऱ्यांना हृदयविकार होऊन अनेक जण दगावले. विरघळणारे कोबाल्ट-दोनचे क्षार मानवाला बहुधा कर्करोगकारक आहेत, असं कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने आता म्हटलं आहे. ज्या रेणूचा चौथा हिस्सा कोबाल्ट आहे, तो तुटल्यावर त्या कोबाल्टचं काय होतं, हा प्रश्न तिच्या प्रबंधात यायलाच हवा. तिने तो घेतला आहे.

सध्या कुठवर आलं आहे

ताज्या संयुगाचे सहा कार्बन मोनॉक्साइड आहेत, त्यातले दोन काढून तिथे दोन्ही कोबाल्टना धरून ठेवणारा एक फॉस्फिन (फॉस्फरसयुक्त) पूल बसवता येतो. अशी संयुगं हवेत कितीतरी जास्त टिकतात, हे जुनं ज्ञान आहे. ती आता को-एएसएसची फॉस्फिन-जोड बनवते आहे. पहिली कुपी तयार झाली आहे, लाल रंग थोडा गडद, आणि गच्चीवर उन्हात ठेवूनही तिचे इन्फ्रारेडमधले ठसे अजून जागेवर आहेत. पण इतकी टिकाऊ झाल्यावर ती पेशीत तुटेल का, आणि तुटली नाही तर कॉक्स अडवण्याचा गुण उरेल का, हे चाचणीतच कळेल. नमुना गेल्या आठवड्यात वितळबंद काचनळीत, आरगॉनखाली, बर्फाच्या डब्यातून निघाला. सोबत एस्टर, दुप्पट कोबाल्ट क्लोराइड आणि मुद्दाम मारलेला को-एएसएस हे ताळे आहेत. आणि पाकिटात तिने स्वतःहून एक कागद घातला आहे: नमुना पोचल्यावर पेशींना घालण्याआधी त्याचं इन्फ्रारेड काढून आलेख परत पाठवावा.